वाइतांगी करारात आपण नेमके कोणत्या बाजूला?

उंबरठा (धागाकर्ती)

गेली नऊ वर्षे आम्ही न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला राहतो. मागच्या आठवड्यात मुलीला शाळेने 'पेपेहा' लिहून आणायला सांगितले. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. माओरी, म्हणजे इथला मूळ रहिवासी, स्वतःची ओळख करून देताना आपले नाव सगळ्यांत शेवटी घेतो. आधी आपला डोंगर, मग आपली नदी, मग पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी, मग कूळ, आणि एवढे सगळे झाल्यावर आपण. संकल्प सोडताना देश, काल, गोत्र उच्चारून झाल्यावर शेवटी स्वतःचे नाव येते, साधारण त्याच धर्तीवर.

डोंगर-नदीपर्यंत आम्ही पोचलो, पण वाटेत तिने विचारले, "आई, वाइतांगीचा करार माओरी आणि ब्रिटिश राणीमध्ये झाला ना? मग आपण कोणाकडून?" मी घाईत "आपण पाहुणे" असे सांगून भाजी फोडणीला टाकली. ती म्हणाली, "पण आपण तर घर घेतलंय." त्यानंतर मला काही सुचले नाही.

थोडी पार्श्वभूमी देते. ६ फेब्रुवारी १८४० रोजी वाइतांगी येथे ब्रिटिश राजसत्तेच्या वतीने विल्यम हॉब्सन आणि उत्तरेकडचे माओरी सरदार यांच्यात तीन कलमांचा करार झाला. पुढच्या काही महिन्यांत त्याच्या प्रती देशभर फिरल्या आणि ५०० हून अधिक सरदारांनी त्यावर सह्या किंवा खुणा केल्या. त्यांत किमान डझनभर स्त्रियाही होत्या. त्या वेळी माओरींची संख्या ७० ते ९० हजार आणि युरोपियनांची जेमतेम दोन हजार होती. १८५८ पर्यंत हे पारडे फिरले होते.

आम्ही दर उन्हाळ्यात ताकापाराफाऊच्या टेकडीवर डबे घेऊन जातो. समोर रांगितोतो बेट, खाली निळे पाणी, अंथरलेल्या चादरीवर पुरी-भाजी. त्या हिरवळीवर १९७७-७८ मध्ये न्गाती फातुआ या इथल्या माओरी जमातीचे लोक आपल्या जमिनीसाठी ५०० हून अधिक दिवस ठाण मांडून बसले होते आणि २५ मे १९७८ रोजी पोलिसांनी दोनशेहून अधिक जणांना तिथून उचलून नेले, हे मला कळायला सात उन्हाळे लागले. तेव्हापासून तिथे चादर अंथरताना हात थोडा अडखळतो. म्हणून विचारते, १९४७ पूर्वी ज्यांच्यावर राज्य केले गेले त्यांची नातवंडे आपण, मग इथे आपण कोण?

जुनाबाड

धाग्याचा विषय उत्तम. मी वेलिंग्टनमध्ये पाव शतक काढले आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

'करार' असे एकवचन वापरले की अर्धा घोटाळा तिथेच होतो. कागद दोन आहेत. एक इंग्रजी, आणि दुसरा हेन्री विल्यम्स या मिशनऱ्याने मुलाला हाताशी धरून ४ फेब्रुवारीच्या एका रात्रीत केलेला माओरी अनुवाद. सह्यांपैकी जवळपास सगळ्या माओरी मजकुरावर आहेत. इंग्रजी प्रतीवर अवघ्या ३९ आहेत. इंग्रजीत पहिल्या कलमाने सरदार आपले सार्वभौमत्व राणीला देतात. माओरीत ते 'कावनातांगा' देतात, म्हणजे 'कावना'चे, गव्हर्नरचे काम. दुसऱ्या कलमात इंग्रजी मजकूर जमिनी, जंगले आणि मासेमारीच्या जागांचा अबाधित ताबा सरदारांकडे ठेवतो, तर माओरी मजकूर 'तिनो रांगातिरातांगा', म्हणजे पूर्ण सरदारकी, त्यांच्याकडे ठेवतो, आणि तीही जमिनी, वस्त्या व 'ताओंगा' म्हणजे जपण्याजोगे जे जे म्हणून आहे त्या सगळ्यांवर. तिसरे कलम माओरींना ब्रिटिश प्रजेचे हक्क देते. त्यावर फारसा वाद नाही.

यातली मेख अशी की पाचच वर्षे आधी, २८ ऑक्टोबर १८३५ रोजी, उत्तरेच्या सरदारांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला होता, आणि त्यात सार्वभौम सत्तेसाठी 'मना' हा शब्द आला होता. तो शब्द १८४० च्या कागदात आला असता तर किती सरदारांनी लेखणी हातात घेतली असती, याचा विचार करून पाहावा. शिवाय प्रती गावोगाव फिरत असतानाच, २१ मे १८४० रोजी, हॉब्सनने संपूर्ण देशावर ब्रिटिश सार्वभौमत्व जाहीर करून टाकले होते.

वाइतांगीला पहिली सही करणारा होने हेके. कोरोरारेकाच्या टेकडीवरची ब्रिटिश निशाणकाठी १८४४-४५ मध्ये चार वेळा तोडली गेली, तीही त्याच्याच पुढाकाराने. आपण काय लिहून दिले आणि समोरच्याने काय लिहून घेतले यातला फरक त्याला चार वर्षांत कळला होता.

मसुदा

मी पुण्यात कायदेशीर अनुवादाची कामे करतो, न्यूझीलंड पाहिलेले नाही. जुनाबाड यांच्या प्रतिसादातल्या 'कावना'विषयी एक भर घालतो. हा शब्द माओरींच्या कानावर आधी पडला तो बायबलच्या अनुवादातून, आणि तिथे तो पिलात या रोमन अधिकाऱ्याचा हुद्दा होता. आता गंमत पाहा, आपल्या मराठी बायबलात तोच पिलात 'सुभेदार' आहे. म्हणजे हा करार मराठीत उतरवायचा तर सरदारांनी राणीला 'सुभेदारी' दिली असे लिहावे लागेल. सुभेदारी म्हणजे राज्य नव्हे, हे मराठी वाचकाला टीप न देता कळते. सुभ्याचा कारभार तुम्ही पाहा, तुमच्या दारुड्या खलाशांना आवरा, वतन आमचे आमच्याकडे. माओरी कागदाचा अर्थ मला तरी असा लागतो.

धंद्यातला अनुभव सांगतो. दोन भाषांत दस्त असला की कोणता मजकूर ग्राह्य हे शेवटच्या कलमात लिहिण्याचा आग्रह आम्ही धरतो. हे एक वाक्य राहिले म्हणून भाडेकरार कोर्टात गेलेले मी पाहिले आहेत. इथे तर अख्खा देश गेला.

चहाटळ

एका रात्रीत केलेला अनुवाद म्हटल्यावर मला आमच्या सोसायटीची घटनादुरुस्ती आठवली. फरक एवढाच की आमच्याकडे दोन्ही भाषांतला मजकूर कोणालाच कळला नव्हता, त्यामुळे वाद झाला नाही.

रोखठोक

सगळ्यांच्या भावना समजतात, परंतु मला यातला बराचसा भाग पटत नाही. मी इथे आलो तेव्हा हातात दोन बॅगा होत्या आणि पहिले दीड वर्ष रात्री गोदामात काम केले. १८४० साली कोणी काय लिहिले याचा हिशेब माझ्याकडून का मागावा? देशात आज सुमारे पन्नास लाख माणसे आहेत, २०२३ च्या जनगणनेनुसार त्यांतली सुमारे ८ लाख ८७ हजार माओरी, आणि बहुतेक माओरी कुटुंबांत युरोपियन रक्तही आहे. अशा देशात एक नागरिक, एक मत, एक कायदा हेच सूत्र टिकेल. संसदेत वंशावर आधारलेल्या सात जागा कशासाठी?

ॲक्ट पक्षाच्या डेव्हिड सीमोर यांनी आणलेले करार-तत्त्वांचे विधेयक एवढेच म्हणत होते की तत्त्वे न्यायाधीशांनी ठरवू नयेत, संसदेने ठरवावीत आणि लोकांनी मत द्यावे. सीमोर स्वतः माओरी वंशाचे आहेत, हेही लक्षात घ्यावे. आणि एक प्रश्न कोणी विचारत नाही. सरकारने जमातींना भरपाईपोटी कोट्यवधी डॉलर दिले, त्यातले दक्षिण ऑकलंडच्या भाड्याच्या घरात राहणाऱ्या माओरी बाईपर्यंत किती पोचले?

लेखाजोखा

@रोखठोक, तुमचा शेवटचा प्रश्न रास्त आहे आणि तो माओरी स्वतःही विचारतात. बाकीच्याबद्दल मात्र मतभेद नोंदवतो.

सात जागांचे मूळ पाहा. १८६७ मध्ये माओरी पुरुषांना चार जागा दिल्या गेल्या. मताधिकारासाठी व्यक्तीच्या नावावर मालमत्ता लागत असे आणि माओरींची जमीन सामाईक होती, म्हणून हा वेगळा मार्ग काढला. त्या वेळच्या लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर त्यांना चारपेक्षा कितीतरी अधिक जागा मिळायला हव्या होत्या. म्हणजे ज्याला आज सवलत म्हटले जाते ती सुरुवातीला चौकट होती, यापुढे यायचे नाही अशी. आणि गुप्त मतदान इतरांना १८७० पासून असताना माओरी मतदारसंघांत ते आले १९३८ च्या निवडणुकीत. तोपर्यंत माओरी मतदाराने अधिकाऱ्यासमोर उभे राहून उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगायचे.

आता जमीन. लढाईत गेलेली जमीन सर्वांना दिसते. १८६३ च्या कायद्याने 'बंडखोरांच्या' जमिनी जप्त झाल्या, त्यांत एकट्या वाइकातो भागात सुमारे १२ लाख एकर. खरेदीत गेलेलीही दिसते. १८४८ मध्ये दक्षिण बेटावरची १ कोटी एकरांहून अधिक जमीन न्गाई ताहू या जमातीकडून अवघ्या २००० पौंडांत घेतली, आणि राखून ठेवायच्या जमिनीचे जे वचन दिले होते ते पाळले नाही. त्यांचा दावा १८४९ मध्ये सुरू झाला आणि १९९८ मध्ये मिटला. परंतु मला सर्वांत विलक्षण वाटते ते १८६५ चे नेटिव्ह लँड कोर्ट, कारण तिथे बंदूक नव्हती, केवळ शिक्के होते.

त्याची रीत अशी होती. शेकडो माणसांची सामाईक जमीन आणि प्रमाणपत्रावर नावे घालायची जास्तीत जास्त दहा. कायद्याच्या दृष्टीने ते दहाजण मालक, बाकीचे कोणी नव्हेत. त्यांतल्या कोणी एकाने अर्ज केला की बाकीच्यांना सुनावणीला जावेच लागे, कारण जो गैरहजर त्याचा हक्क बुडाला. कोर्ट भरे दूरच्या गावात. आठवडेच्या आठवडे तंबूत किंवा भाड्याच्या खोलीत राहायचे, दुकानदाराकडून पीठ-साखर उधारीवर घ्यायची, मोजणीदाराची फी आणि कोर्टाची फी अंगावर घ्यायची, आणि निकाल आपल्या बाजूने लागला तरी ती उधारी फेडण्यासाठी तीच जमीन विकायची. जिंकूनही हरण्याची अशी चोख सोय क्वचितच कोणी केली असेल.

हे वाचताना कोणालाही आपल्याकडचे इनाम कमिशन आठवेल. सनद दाखवा, नाहीतर इनाम खालसा. पण एक मूलभूत फरक आहे. दख्खनमध्ये इंग्रजाला शेतसारा हवा होता, कुळवाडी शेतावर राहणे त्याच्या फायद्याचे होते. न्यूझीलंडमध्ये त्याला शेतच हवे होते, राहायला आणि मेंढ्या चारायला. आपल्यावर राज्य झाले, माओरींच्या घरात बिऱ्हाड आले. राज्य करणारा एक दिवस बोटीत बसून निघून जातो, बिऱ्हाडकरू जात नाही. 'आमच्यावरही इंग्रजांनी राज्य केले' असे म्हणून आपण जी जवळीक दाखवू पाहतो ती इथे अपुरी पडते.

तेव्हा हा वंशाचा प्रश्न नसून करारभंगाचा आहे. घर विकत घेणाऱ्याला त्यावरचा बोजाही घ्यावा लागतो. 'कर्ज मी काढले नव्हते' हे उत्तर तलाठीसुद्धा ऐकून घेत नाही.

अजिंक्यतारा

मसुदा यांची सुभेदारी आवडली, पण सातारकर म्हणून एक भर घालतो. कारभार एकाकडे आणि स्वामित्व दुसऱ्याकडे ही व्यवस्था आपल्या परिचयाची आहे. छत्रपती साताऱ्यात, कारभार पुण्यात. कागदावर धनी कोण याबद्दल कधीही शंका नव्हती, व्यवहारात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. पुढे १८१९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांशी तह केला, १८३९ मध्ये त्यांना पदच्युत केले आणि १८४८ मध्ये वारस नामंजूर करून राज्य खालसा केले. म्हणजे वाइतांगीला सह्या होण्याच्या आदल्याच वर्षी साताऱ्याच्या तहाची काय किंमत उरली होती हे सिद्ध झाले होते. त्या सरदारांना साताऱ्याची बातमी कोणी कळवली असती तर बरे झाले असते.

रोखठोक

@लेखाजोखा, लँड कोर्टाची माहिती मला खरोखर नव्हती, त्याबद्दल आभार. जप्ती आणि फसवणूक झाली असेल तिथे भरपाई द्यावी, याला माझा विरोध नाही. परंतु बोजा फेडला की सातबारा कोरा होतो. इथे तो कधी कोरा होणार ते सांगा. १९९५ मध्ये वाइकातो-ताइनुई जमातीला १७ कोटी डॉलर आणि राणीच्या सहीने माफी मिळाली, न्गाई ताहूंनाही तेवढेच मिळाले, तरी वाद चालूच आहे.

जुनाबाड

वाइकातोला जे मिळाले ते गेलेल्या जमिनीच्या किमतीचा अगदी लहानसा हिस्सा होते, आणि हे दोन्ही पक्ष उघडपणे मान्य करतात. सावकार शेकडा दोन-चार रुपयांवर समजूत पटवून घेत असेल तर ऋणकोने 'कधी कोरा होणार' म्हणून घाई करणे शोभत नाही.

शिवाय हा केवळ पैशांचा विषय नाही. १८७७ मध्ये मुख्य न्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनी हा करार म्हणजे निव्वळ शून्यवत कागद असल्याचे म्हटले, आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षे त्याच आधारावर कारभार झाला. शाळेत माओरी बोलले म्हणून मुलांनी मार खाल्ला. १८९६ च्या जनगणनेत माओरींची संख्या ४२ हजारांच्या आसपास उरली होती आणि ही जमात आता संपणार असे गोरे लोक उघडपणे लिहीत होते. ती संपली नाही. १९७२ मध्ये भाषेसाठी ३० हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेला दिला गेला, १९७५ मध्ये ७९ वर्षांच्या फिना कूपर यांच्या नेतृत्वाखाली लोक उत्तर टोकापासून वेलिंग्टनपर्यंत सुमारे हजार किलोमीटर चालत आले, त्याच वर्षी वाइतांगी न्यायाधिकरण स्थापन झाले. त्याला सुरुवातीला फक्त १९७५ नंतरच्याच तक्रारी ऐकता येत. चोरी होऊन गेल्यावर पहारेकरी नेमावा आणि त्याला सांगावे की मागचे काही विचारू नकोस. १८४० पर्यंत मागे जाण्याची मुभा १९८५ मध्ये मिळाली. १९८२ मध्ये पहिले 'कोहांगा रेओ' म्हणजे भाषेचे घरटे, आजी-आजोबांनी चालवलेली बालवाडी, सुरू झाले आणि १९८७ मध्ये माओरी ही अधिकृत भाषा झाली.

सीमोर यांच्या विधेयकाचे काय झाले तेही नोंदवतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये हाना-राविती मैपी-क्लार्क या तरुण खासदाराने सभागृहातच विधेयकाची प्रत फाडून हाका हे माओरी समूहनृत्य सुरू केले, काही दिवसांनी संसदेसमोर ४० हजारांहून अधिक लोक जमले, समितीकडे तीन लाखांहून अधिक निवेदने आली आणि १० एप्रिल २०२५ रोजी विधेयक ११२ विरुद्ध ११ मतांनी पडले.

रातपाळी

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे, त्यामुळे इतिहासापेक्षा खाटांविषयी बोलते. माओरींचे सरासरी आयुर्मान इतरांपेक्षा सुमारे सात वर्षांनी कमी आहे आणि तुरुंगातल्या कैद्यांत निम्म्याहून अधिक माओरी आहेत. आकडे वाचणे वेगळे आणि रात्री तीन वाजता पन्नाशीच्या माणसाच्या उशाशी त्याची सगळी माणसे बसलेली पाहणे वेगळे. नवीन होते तेव्हा मी एका रुग्णाच्या जेवणाच्या टेबलावर अंगाखालचे कापड ठेवले. त्याची बहीण काही न बोलता उठली, ते कापड उचलले, टेबल पुसले आणि मगच पाण्याचा पेला तिथे ठेवला. मी गोरीमोरी झाले, कारण हा सोवळ्या-ओवळ्याचा हिशेब मला आजीच्या स्वयंपाकघरातून पाठ होता, तरी इथे लक्षात आला नव्हता. त्यांचा शब्द 'तापू'.

@रोखठोक, ज्या बाईपर्यंत पैसे पोचत नाहीत असे तुम्ही म्हणता ती आमच्याकडे येते. तिच्यापर्यंत एक मत, एक कायदा हेही अजून पोचलेले नाही.

चौथी यत्ता

आपण 'क ख ग घ ङ' पाठ करतो आणि 'वाङ्मय' सोडले तर त्या बिचाऱ्या ङ ला जन्मभर काम देत नाही. माओरीत चक्क शब्दाच्या सुरुवातीला ङ येतो. वर सर्वांनी 'न्गाती', 'न्गाई' लिहिले आहे ते खरे 'ङाती', 'ङाई' असे हवे. इथले इंग्रज पावणेदोनशेहून अधिक वर्षे जीभ वळवत आहेत, आपल्याला उपजत जमते. एकात्मतेची सुरुवात इथून करावी असे सुचवतो.

गोठा

तारानाकीत दुधाच्या फार्मवर काम करतो, परिहाका हे माओरी गाव इथून चाळीस मिनिटांवर आहे. दर महिन्याच्या १८ आणि १९ तारखेला तिथे लोक जमतात, मी दोनदा गेलो आहे. वाटेत दोन्ही बाजूंना हिरवे पॅडक, मागे बर्फाचा डोंगर, आणि ज्या जमिनीवर मी गायी दोहतो ती जप्तीतलीच, हे त्या दिवसांत विसरता येत नाही.

'ते फिती' आणि 'तोहू काकाही' या परिहाकाच्या दोन पुढाऱ्यांनी जप्त जमिनीच्या मोजणीला विरोध केला तो मोजणीदारांच्या खुंट्या उपटून. १८७९ मध्ये त्यांच्या माणसांनी गोऱ्यांच्या कुरणांत नांगर घातले. नांगऱ्या पकडला की दुसऱ्या दिवशी दुसरा येई. शेकडो जणांना खटला न चालवता दक्षिण बेटावर तुरुंगात धाडले. ५ नोव्हेंबर १८८१ रोजी मंत्री ब्राइस पांढऱ्या घोड्यावरून सुमारे १६०० शिपाई आणि स्वयंसेवक घेऊन गावात शिरला, तर पुढे लहान मुले गात, दोरीवरच्या उड्या मारत उभी होती आणि बायकांनी फौजेसाठी पाव भाजून ठेवले होते. कोणी दगड उचलला नाही. दोघांना अटक झाली, लोकांना पांगवले, घरे पाडली. सरकारने माफी मागितली ती जून २०१७ मध्ये.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका म्हाताऱ्या बाईंनी चहा दिला, गांधींच्या देशातला का म्हणून विचारले, आणि मी मान डोलावल्यावर म्हणाल्या की आमचे ते फिती त्यांच्या आधीचे. १८८१ साली गांधीजी बारा वर्षांचे होते, तेव्हा हिशेब त्यांचाच बरोबर आहे. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी कुठे काम करतो तेही सांगितले. त्यांनी फक्त शेताचा रस्ता विचारला आणि तिथल्या ओढ्याचे जुने नाव सांगितले. आमच्या मालकाला ते ठाऊक नव्हते.

भाजीबाजार

धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. आपण इथे काल आलो असे समजणेही बरोबर नाही. १९२० च्या कायद्याने भारतीयांना इथे येणे जवळजवळ अशक्य केले, आणि १९२६ च्या सुमारास पुकेकोहेमध्ये 'व्हाइट न्यूझीलंड लीग' स्थापन झाली. तिचा रोख तिथे भाजीचे मळे करणाऱ्या भारतीय आणि चिनी लोकांवर होता. ते भारतीय बहुतांशी गुजराती आणि पंजाबी, आपले मराठी लोक फार उशिरा आले. त्याच पुकेकोहेत चित्रपटगृहात माओरींना वेगळे बसवत. मळ्यांत राबणारे माओरी आणि भारतीय यांना बंद असलेली दारे पुष्कळदा सारखीच होती. आता २०२३ च्या जनगणनेत भारतीय २ लाख ९२ हजार आहेत, म्हणजे गोरे आणि माओरी यांच्यानंतर तिसरा समूह. आज मळे वेगळे आहेत, मालकही काही ठिकाणी आपण आहोत.

सेनिओ

थोडे अवांतर. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्याच दिवशी त्याच नदीवर न्यूझीलंडची डिव्हिजन शेजारून चढाई करत होती. माओरी नेते अपिराना न्गाता यांनी माओरी बटालियनचे रक्त म्हणजे नागरिकत्वाची किंमत असे म्हटले होते. त्या किमतीची पावती किती उशिरा फाटली ते वर आलेच आहे.

परदेशस्थ

'करारात आपण कोणत्या बाजूला' याचे कायदेशीर उत्तर मला नागरिकत्वाच्या समारंभात मिळाले. तिथे आपण राजा चार्ल्सशी आणि त्याच्या वारसांशी निष्ठेची शपथ घेतो. माझे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात होते, नातवाने शपथ घेतली आणि घरी पेढे वाटले. आजी असती तर तिने पेढा खाल्ला असता आणि आजोबांच्या फोटोकडे पाहिले नसते. तेव्हा कागदोपत्री आपण राजाच्या बाजूचे.

न्यायमूर्ती एडी ड्युरी यांनी पुढे आणलेला 'तांगाता तिरिती', म्हणजे करारामुळे या भूमीचे झालेले लोक, हा शब्द यापेक्षा मला जवळचा वाटतो. 'तांगाता फेनुआ' म्हणजे भूमीचे लोक, ते माओरी. आपला व्हिसा ज्या सरकारने दिला त्या सरकारला तो देण्याचा अधिकार पहिल्या कलमातल्या त्या सुभेदारीतून आला. म्हणजे करार शून्यवत मानला तर माओरींचे जेवढे जाते तेवढेच आपलेही जाते. मात्र एक गोष्ट मनाला खुपते. आपल्याला बोलवावे का हे सुभेदाराने ठरवले, घरधन्याला कोणी विचारले नाही, आणि आपल्या संख्येमुळे तो आणखी अल्पसंख्य होत चालला आहे. यावर माओरी नाराज झाले तर त्याला वंशद्वेष म्हणण्याची घाई आपण करू नये.

रोखठोक

पहिल्या कलमाचा हा मुद्दा नवा आहे. विचार करतो. सात जागांबद्दल माझे मत अजून तेच आहे.

उंबरठा (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. गोठा यांचा ओढ्याच्या नावाचा प्रसंग मी मुलीला वाचून दाखवला, आणि त्याचा परिणाम म्हणून आमच्या गल्लीमागच्या नाल्याचे नाव शोधण्यात शनिवार गेला. नाव मिळाले, फलक झुडपात होता.

पेपेहाचे असे झाले. बाईंनी सांगितले की इथल्या डोंगराला 'माझा' म्हणायचे नाही, तो ज्यांचा आहे त्यांचा. तुम्ही त्याच्या सावलीत राहता असे म्हणा. म्हणून तिने लिहिले की माझ्या आजोबांचा डोंगर सिंहगड, नदी मुठा, आणि मी राहते माउंगाफाऊच्या पायथ्याशी, न्गाती फातुआंच्या भूमीवर. ('ङाती' असे लिहायला हवे, चौथी यत्ता, कळले.) 'होडी' या ओळीवर गाडी अडली होती. तिने विमान कंपनीचे नाव घातले, बाईंनी ते चालवून घेतले.

करारातली बाजू या रकान्यात तिने 'तांगाता तिरिती' लिहिले आणि पुढे कंसात मराठीत 'घर घेतलेले पाहुणे'. बाईंना मराठी येत नाही, त्यामुळे ते तसेच राहिले आहे.